किती वेळ धरून ठेवणार?

“मुलीला पॉटीवर बसवलं की समोर बसून बोलत राहू नका,” बालरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या. “खरं तर एकूणच जरा कमी बोला.” तिने ते हसण्यावारी नेलं होतं.

आता सव्वाचार वाजले होते. अडीच वर्षांची ठकू बाथरूममध्ये गुलाबी पॉटीवर गाल फुगवून बसली होती आणि तिची आई समोर, उलट्या बादलीवर.

आज बोलायला दुसरं कुणी नव्हतंही. नणंद सकाळपासून शेजारच्या खोलीत लॅपटॉपपुढे होती. शाळेचं शेवटचं वर्ष, आणि आर्किटेक्चरच्या कॉलेजचा अर्ज. पहिल्या फेरीची मुदत आज पाचला संपत होती. या फेरीत निवड व्हायची शक्यता जास्त, पण नाकारलं तर त्या कॉलेजचं दार यंदापुरतं बंद. दुसरी फेरी दोन महिन्यांनी. तेव्हा जागा थोड्याच उरणार, पण अर्जासोबत द्यायची दहाही चित्रं तोवर पुरी झाली असती. आत्ता नऊ झाली होती. दहावं, जिन्याचं, अर्ध्यावर होतं.

“वहिनी, तुझ्या पाया पडते, आज तू काही म्हणू नकोस,” नणंदेने सकाळीच बजावलं होतं. “तू बोललीस की मला तुझंच खरं वाटायला लागतं.”

तिने शब्द पाळला होता. चहा नेऊन ठेवला तो ओठ घट्ट मिटून. जेवताना ‘मीठ हवं का’ एवढंच विचारलं. मत मात्र केव्हाच तयार होतं: थांब. अर्धवट चित्र घेऊन कुणी जातं का? दिवसभर गिळलेलं ते सगळं बोलणं आता ठकूच्या वाट्याला आलं.

“अगं, किती वेळ धरून ठेवणार? सकाळपासून पोटात दुखतंय ना? मग?”

ठकूने मान हलवली.

“भीती वाटते? कसली भीती? मी आहे ना इथे. जरा इकडेतिकडे झालं तर झालं. पुसून काढू. जगबुडी नाही होत.”

ठकू विचारात पडली.

“आत्ता नको नको म्हणशील, आणि मग नको त्या वेळी धावपळ. तू मोठी झालीस आता. सगळ्यांना जमतं, तुला का नाही जमणार? सोड बरं. एक... दोन...”

शेजारच्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

“पाठवला!”

ती धावत बाहेर आली, तर नणंदेने तिला मिठीच मारली.

“काय पाठवलंस?”

“अर्ज गं! तू तीन म्हणायच्या आत बटण दाबलं. समोर बोलायचं नाही म्हणून बाथरूमच्या खिडकीतून बोललीस, हो ना? दोन्ही खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात, शब्दन् शब्द ऐकू येत होता. आणि माझ्या खरंच पोटात दुखत होतं. तुला कसं कळतं गं सगळं?”

तिने मिठी सोडवली.

“पण जिना अर्धाच होता ना?” तिने कसंबसं विचारलं.

“अर्धाच पाठवला. खाली लिहिलं, ‘काम चालू आहे, वळसा घालून जावे.’”

तिला हसू फुटलं. असलं काही तिला सात जन्मांत सुचलं नसतं.

तेवढ्यात आतून आरोळी आली. “आई! शोडलं! मी शोडलं!”

नणंदेने बाथरूमकडे पाहिलं. मग वहिनीकडे. मग पुन्हा बाथरूमकडे.

“म्हणजे ते सगळं...”

“हो.”

“‘तू मोठी झालीस आता’?”

“तिलाच.”

“जगबुडी?”

“तीही.”

नणंद भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. “मग मला काय म्हणाली असतीस?”

थाप मारता आली असती. ती म्हणाली, “थांब म्हणाले असते. दुसऱ्या फेरीपर्यंत.” आणि मग, राहवलं नाही म्हणून, “पाचपर्यंत अर्ज मागे घेता येतो.”

नणंद घड्याळाकडे बघत राहिली. काटा एक घर पुढे सरकला. दुसरं घर. मग ती उठली आणि बाह्या वर करत बाथरूमकडे निघाली.

“नको. बरं झालं मला बोलली नाहीस ते.” आणि आत जाऊन, “चला मोठ्या बाई, आपलं दोघींचं झालं!”

आतून पाण्याचा आणि दोघींच्या खिदळण्याचा आवाज येऊ लागला. वहिनीने लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. निदान पाच मिनिटं तरी.

मग तिच्या ध्यानात आलं की तो डक्ट काही आपल्या घरापुरता नाही. तो चारही मजल्यांना आहे, म्हणजे ‘किती वेळ धरून ठेवणार’ सगळीकडे ऐकू गेलं असणार. तिसऱ्या मजल्यावरचे ग्रंथपाल पहिल्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंना लग्नाचं विचारायचं म्हणून वर्षभर चांगली बटणं तोडून शर्ट बटण लावायला नेताहेत आणि न विचारताच परत येताहेत, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. आणि आत्ताच कुणीतरी जिना दोन दोन पायऱ्या करत खाली उतरलं.

तिने जाऊन डोकावणं काही बरं दिसणार नाही. तुम्ही जिन्यातच असाल तर तेवढं बघता का, हातात शर्ट आहे, की आज नुसतेच गेलेत?