पूर्ण नावाची सही

"आवडाबाई, आता तुमची पाळी," नीलाबाई म्हणाल्या.

आवडाबाई उठली नाही. मांडीवरची पाटी तिने पदराखाली सरकवली. बाकीच्या चाळीस बायका वळून तिच्याकडे बघू लागल्या.

"ऊठ गो मावशे," मागून सगुणा म्हणाली. "मावरं विकायचीस तवा आख्ख्या बाजारात आवाज जायचा तुझा. इथं काय झालं?"

बायका हसल्या. आवडाबाईने मान खाली घातली.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला तो औषधांचा कारखाना. या एकेचाळीस जणी बाटल्यांवर लेबलं चिकटवायच्या आणि बाटल्या खोक्यांत भरायच्या. बहुतेक कोपरकडच्या, खाडीकाठच्या कोळणी. कुणाला सहा वर्षं झाली होती, कुणाला नऊ. पण सगळ्या हंगामी. साहेबाने उद्या येऊ नको म्हटलं की संपलं.

अठ्ठ्याऐंशी साली कंपनीने महिला कल्याण अधिकारी म्हणून नीला गुप्ते यांना आणलं. पहिल्याच महिन्यात त्यांनी शेडमध्ये पंखे लावून घेतले, बायकांसाठी वेगळा संडास बांधून घेतला. त्यामुळे कायम होण्याची गोष्ट त्यांनी काढली तेव्हा कुणी शंका घेतली नाही.

"फॉर्मवर सही लागेल," त्यांनी सांगितलं होतं. "अंगठा चालणार नाही. मस्टरवर आहे तसं पूर्ण नाव, स्वतःच्या हाताने."

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत वर्ग भरू लागला. पाट्या कंपनीच्या, चहाही कंपनीचा. नीलाबाई कुणावर ओरडत नसत. कुणाची रेघ वाकडी गेली तर पुसून पुन्हा काढायला लावत.

भागीरथीचं नाव आठ दिवसांत बसलं. ती म्हणाली, "बाई, आता बाराखडी शिकवा. बसवरची पाटी तरी वाचता येईल."

"आधी सगळ्यांचं नाव पक्कं होऊ दे," नीलाबाई म्हणाल्या. "बाकीचं मग."

आवडाबाईला अक्षरं जमत नव्हती असं नाही. स्वतःचं नाव ती सुरेख काढायची. अडायची ती मधल्या नावाशी. तिथे दामाजी लिहायचं होतं, आणि दामाजी तिचा नवरा होता.

"चाळीस वर्सं तोंडातून नाव काढलं नाय," ती म्हणाली. "आता लिवून ठेवू? त्याचं आयुष्य कमी व्हायला?"

"लिहिणं म्हणजे उच्चारणं नव्हे, आवडाबाई."

"मग काय हाय?"

नीलाबाई पुढच्या पाटीकडे वळल्या.

दामाजी दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला होता. होडी कधीच विकून झाली होती. घर आवडाबाईच्या हातांवर चालत होतं, आणि हे शेडमधल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. ती कायम झाली नाही तर काय होईल, हेही.

शनिवारी फॉर्म आले. इंग्रजीत टाईप केलेले, एकेकीच्या नावाचा एकेक. टेबलाशी रांग लागली.

"यात काय लिवलंय, बाई?" भागीरथीने विचारलं.

"कायद्याची भाषा असते ती. मी वाचलंय सगळं."

भागीरथीने सही केली. सगुणाने जीभ बाहेर काढून, अक्षर अक्षर जोडत केली. चाळीस सह्या झाल्या. आवडाबाई भिंतीला टेकून बसून होती.

नीलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पेनला टोपण लावलं. "राहू दे. तिला नको असेल तर आपण जोर करायला नको."

"बाई, पाच मिनटं थांबा," भागीरथी म्हणाली.

"अगं, राहू दे म्हटलं ना."

"नाय बाई. आमी सगळ्या कायम आन ही एकली बाहेर? असं नाय चालायचं."

ती जाऊन आवडाबाईपुढे उकिडवी बसली. "मावशे, उद्या तुला काढली तर त्याला औषध कुठून आणशील?"

"पण त्याचं नाव..."

"तू नको लिवू. मी लिवतंय. तू डोळे मीट. पाप लागलं तर मना लागंल."

तिने आवडाबाईला उठवून टेबलाशी आणलं. आवडाबाईने पहिलं नाव आपण काढलं आणि डोळे घट्ट मिटले. भागीरथीने तिची मूठ आपल्या मुठीत धरली आणि दामाजी पूर्ण होईपर्यंत सोडली नाही. आडनाव आवडाबाईने पुन्हा स्वतः काढलं.

"झालं?"

"झालं."

आवडाबाई तोंडाला पदर लावून नव्या नवरीसारखी हसली. सगुणा ओरडली, "आता घरी जाऊन सांग त्याला, तुझं नाव कंपनीच्या दप्तरात घातलं म्हणून! त्याशिवाय उठून बसायचा नाय तो!"

भागीरथीने पदरात बांधून आणलेले पेढे वाटले. नीलाबाईंनी आपला पेढा हातात घेतला, आणि थोड्या वेळाने रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

संध्याकाळी शेड रिकामी झाल्यावर त्या गठ्ठा घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. हरिहर प्रधान एकेक कागद उलटून पाहू लागले.

"एकेचाळीसच्या एकेचाळीस? त्या म्हातारीचं अडलं होतं ना?"

"भागीरथीने हात धरून करून घेतलं."

"शाबास. गेल्या खेपेला अंगठे होते, म्हणून कोर्टाने बाराच्या बारा जणी परत घ्यायला लावल्या." त्यांनी गठ्ठा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि गेटवर फोन केला. "महिपत, सोमवारी लेबलवाल्या बायका येतील, त्यांना आत सोडू नकोस. सांग, सगळ्यांनी आपखुशीने राजीनामे दिलेत."