बांधापलीकडचे बटाटे

"पंप खाली ठेव! आणि तोंडावरची ओढणी काढ आधी!"

बांधावर भिकाजीकाका उभे. हातात कोयता. आणि ज्ञानेश्वरी त्यांच्याच बटाट्याच्या सरीत, पाठीवर फवारणीचा पंप, नळीतून अजून थेंब गळतायत. चोर म्हणून पकडायला आणखी काय हवं?

तिने ओढणी खाली ओढली.

"तू? अनिलची ज्ञानू?" काका एवढ्या जोरात ओरडले, की धुक्यातून टिटवी किंचाळत उडाली. "पाण्यावरून भांडलो म्हणून माझं पीक जाळतंस? दहावीत शिकतंस नि तणनाशक मारतंस?"

"तणनाशक नाही हो, काका. बुरशीचं औषध आहे."

"होय तर! माझ्या शेताला औषध द्यायला पहाटेचं उठून आलंस. मी काय काल जन्मलो?"

पाटाच्या पाण्यावरून दोन घरांचं बोलणं वर्षभर बंद होतं. त्यात या थंडीत ज्ञानेश्वरीने मुंबईतल्या बाबांच्या मागे फोनवरून लागून भाताच्या मळ्यात बटाटा लावला. "बटाटा? नि आपल्या रत्नागिरीत?" म्हणून अख्खी वाडी हसली. कोंब तरारून वर आले, तेव्हा मात्र काकांनीही ईर्ष्येने शेजारी बटाटाच लावला. तेव्हापासून दोघं बांधावरून एकमेकांचं पीक चोरून बघायचे.

काकांनी कोयत्याच्या टोकाने एक ओलं पान उचललं. "हे वाळलं ना, तर तुझ्या बापाला मुंबईहून बोलवीन. गावासमोर उभा करीन."

ज्ञानेश्वरीने पंपाचा पट्टा सावरला.  

"करा उभं. पण आधी माझ्या मळ्यात चला."

बांध ओलांडताच कुजका वास आला. ढग आणि धुकं हटायचं नावच घेत नव्हतं, आणि त्या ओलीत करपा, बुरशीचा रोग, पसरला होता. पानं उकडल्यासारखी काळी. देठांनी माना टाकलेल्या.

"अरे देवा," काका पुटपुटले. "अख्खा मळा?"

तिने मान डोलावली आणि एक काळा देठ मोडून त्यांच्यापुढे धरला. 

"नि हातात औषध असून इथं नाही मारलंस?"

"एवढंच उरलं होतं. करपलेल्या पानाला ते काय करणार? चांगल्या पानालाच वाचवतं ते." तिने नाक पुसलं. "आणि वारा माझ्याकडून तुमच्याकडे वाहतोय, काका; करपा त्याच्याबरोबर येणार. विचारलं असतं, तर शिरू दिलं असतंत?"

काकांनी कोयता उचलला. ज्ञानेश्वरी डोळे मिटून मागे सरली.

खच्च!

काळ्या पाल्याची पहिली मूठ तिच्या पायाशी पडली.

"पाला काढला, तर खालचे बटाटे वाचतील तेवढे वाचतील," काका वाकूनच म्हणाले. "तू इथं उभं काय ऱ्हायलंस गो? जा, माझ्या अर्ध्या सऱ्या फवारायच्या राहिल्यात."