पाहुण्याचं पाणी

"पाणी नको, काकू," मी घाईने म्हणाले आणि त्यांना तांब्या-भांडं आत न्यायला लावलं.

समोर पलंगावर खैरमोडेकाका बसले होते. डायलिसिस सुरू झाल्यापासून त्यांना दिवसभरात मोजकंच पाणी प्यायची मुभा होती. आरोग्य मानसशास्त्राच्या एम.ए.साठी मी अशाच रुग्णांच्या तहानेवर लघुप्रबंध लिहीत होते. काकांसमोर कुणी पाणी पिऊ नये, असं मीच मागच्या भेटीत काकूंना सांगितलं होतं. तेव्हापासून माठ मागच्या गॅलरीत गेला होता आणि काकू तिथे दार लोटून पाणी पीत होत्या.

"तहान लागली की मनात काय येतं, काका?" मी विचारलं.

बाहेर ऊन रणरणत होतं. काकांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"तहानेची सवय झाली हो, ताई. पण घरात आलेला माणूस आता पाणीसुद्धा न पिता जातो. सुतकाच्या घरचं पाणी पीत नाहीत लोक. मी तर अजून इथं बसलोय."

मी हातातली प्रश्नांची वही मिटली.

"काकू, पाणी द्या मला," मी म्हणाले. "आणि तुमचंही भांडं घेऊन या."

काकू दारात घुटमळल्या. मग बाहेर आल्या, काकांच्या शेजारी टेकल्या आणि आम्ही दोघी त्यांच्यासमोर पाणी प्यायलो. काका आमच्याकडे एकटक बघत होते.

"गार आहे का गं?" त्यांनी काकूंना विचारलं.

काकूंनी मान हलवली आणि भांड्याने गार झालेला आपला तळवा त्यांच्या हातावर ठेवला.