प्रस्तुत संशोधिका

"'प्रस्तुत संशोधिकेच्या मते,'" परीक्षकबाईंनी प्रबंधातली ओळ वाचून दाखवली आणि चष्म्यावरून पाहिलं. "हे शब्द तुम्ही एकेचाळीस वेळा लिहिलेत, हर्षदा. त्यातलं कुठलंही एक मत सांगा. फोन न बघता."

हर्षदाने तोंड उघडलं, पण आत काही असेल तर बाहेर येईल ना! चार वर्षं तिने प्रत्येक मत एआयकडून लिहून घेतलं होतं आणि तेही तिच्या गाईडच्या, कारखानीस सरांच्याच सांगण्यावरून. "कशाला डोकं शिणवतेस? त्याला विचार की," असं ते प्रेमाने म्हणायचे. तिने आशेने सरांकडे पाहिलं. सर मान खाली घालून वहीत भराभर काहीतरी लिहीत होते.

तोंडी परीक्षेत ती नापास झाली. बाहेरच्या बाकावर हमसून हमसून रडत होती, तेव्हा सर शेजारी येऊन बसले आणि त्यांनी एक कागद पुढे केला.

"एआयच्या वापराने माणसाचं विचार करणं थांबतं का, यावर माझा अभ्यास चालला होता गं. तुझ्यावरच. छान झाला. आता छापायला तुझी संमती लागेल, इथे सही कर."

हर्षदाने डोळे पुसले. कागद दोनदा वाचला. छातीत काहीतरी भडकलं, बहुधा संतापच असावा. मग तिने सवयीने फोन काढला आणि एआयला विचारलं, "सही करू का?"

"थांब, थांब." सरांनी कागद मागे घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. "ही नोंद राहिलीच होती."