गरम

"सांगा बरं, हा चालू आहे की बंद?" जनरेटरवाल्याने विचारलं आणि स्वतःच हसला.

सुटकेसएवढा तांबडा जनरेटर त्याच्या पायाशी होता. दुकानापुढची शेड रस्त्याला लागून, गाडी गेली की पत्रे थरथरत. नवरा आणि धाकट्या दिराबरोबर जनरेटर घ्यायला आलेल्या वहिनीने वाकून कान दिला, तेव्हा कुठे बारीक घरघर ऐकू आली.

"चालू."

"तान्हं बाळ शेजारी निजवा, कूस बदलणार नाही! असा गुणी आहे."

घरून आणलेली मोटरसायकलची दोन चाकं वहिनीने शेडमध्ये मांडली होती. त्यांच्या टायरवर ते तापवणाऱ्या विजेच्या गोधड्या गुंडाळल्या होत्या आणि त्यांच्या वायरी तांबड्या जनरेटरला लावल्या होत्या. उद्या तिच्या नवऱ्याची शर्यत. तापलेला टायर रस्ता धरतो, थंड टायर माणसाला फेकतो.

"चाकं घेऊन येणारं गिऱ्हाईक आजच बघतोय," जनरेटरवाला म्हणाला. "तांदूळ घ्यायला कुणी चूल डोक्यावर घेऊन जातं का?"

"भात कच्चा राहिला तर पोट दुखतं. इथं हाडं मोडतात."

जनरेटरवाल्याने तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो एका बाजूला कलून उभा होता. मानेजवळच्या मोडलेल्या हाडात अजून धातूची पट्टी होती. मागच्या शर्यतीत पहिल्याच वळणावर गाडी त्याच्या खालून निसटली होती.

"आणि तो?" वहिनीने कोपऱ्यातल्या काळ्या धुडाकडे बोट केलं. लोखंडी पाइपांच्या चौकटीत बसवलेला, धूळ खात पडलेला दुसरा जनरेटर.

"तो विहिरीवरच्या पंपाचा गडी. तोंड उघडलं की शेजारी भांडायला येतात."

"नको तो," नवरा म्हणाला. "गाडीवर बसायच्या आधी डोकं शांत लागतं मला. आणि उचलणार कोण?"

"दादा बरोबर बोलतोय, वहिनी," धाकटा दीर म्हणाला. तो चाकांपाशी उकिडवा बसून मोबाइल बघत होता. "हा कसा, एका हातात येतो. उगाच हत्ती कशाला पोसायचा?"

त्यांच्यात एक रीत होती. गोधडी काढणाऱ्याने टायरवर उघडा तळवा ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "गरम!" हातमोजे चढवलेल्या माणसाला स्वतः हात लावून बघता येत नाही. तो त्या एका शब्दावर गाडी सोडतो. मागच्या वेळी तो शब्द धाकट्या दिराने उच्चारला होता. पडल्यावर दवाखान्यात नवऱ्याने ज्याला त्याला सांगितलं, घाई माझीच झाली. घरात पुन्हा तो विषय निघाला नाही. झाकली मूठ.

बाहेर एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवून कुणाशी तरी हुज्जत घालत बसला. त्या धडधडीवर आवाज चढवून जनरेटरवाला सांगत राहिला: तेल कुठं ओतायचं, प्लग कधी पुसायचा. नवरा मान हलवत होता. वहिनीचं लक्ष चाकांकडे.

"भावजी," ती म्हणाली, "टायर तापले असतील, बघा."

दिराची मान मोबाइलमध्येच होती. त्याने एका बोटाने गोधडीची कड उचलली, सोडली.

"गरम!"

नवऱ्याने चमकून वर पाहिलं.

तेवढ्यात ट्रक निघून गेला. शेडमध्ये शांतता पसरली, आणि त्यात ती बारीक घरघरही नव्हती. जनरेटरवाल्याचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. तो तांबड्या जनरेटरवर ओणवा झाला.

"अरेच्चा."

"भावजी, हात लावा," वहिनी म्हणाली.

"अहो वहिनी, आत्ताच तर..."

"हात लावा."

तिचा आवाज चढला नव्हता. दिराने मोबाइल खिशात टाकला, गोधडी बाजूला सारली आणि तळवा टेकवला. टायर गार लागला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने तळवा दुसऱ्या चाकावर ठेवून पाहिला. मग पुन्हा पहिल्यावर.

"टाकीत पेट्रोल घोटभरच होतं, संपलं असणार," जनरेटरवाला घाईघाईने म्हणाला. "आता त्यात मशीनचा काय दोष?"

"मशीनला कोण दोष देतंय?" वहिनी म्हणाली.

नवरा मानेजवळच्या हाडावरून अंगठा फिरवत होता, मोडलं होतं नेमकं तिथून. त्याने भावाकडे पाहिलं नाही. बराच वेळ बायकोकडेही पाहिलं नाही.

"तो काळा चालू करा," शेवटी तो म्हणाला.

"साहेब, कान किटतील तुमचे. तुम्हालाच तर शांत हवा होता."

"बंद पडला तर कळेल तरी."

जनरेटरवाल्याने खांदे उडवले, डब्यातलं पेट्रोल ओतलं, दोरी ओढली. काळं धूड दोनदा खोकलं आणि मग असं गरजलं की फळीवरचे लोखंडी पाने नाचायला लागले. वहिनीने वायरी काढून त्याला लावल्या. दीर भावाकडे बघून काहीतरी बोलला. ओठ हलले, शब्द त्या गदारोळात बुडाले. नवऱ्याने कानाला हात लावून 'ऐकू येत नाही' अशी खूण केली.

वहिनी चाकाजवळ बसली. दिराचा तळवा अजून टायरवरच होता. तिने तो काढायला सांगितलं नाही. त्याच्या हातावरूनच गोधडी नीट ओढून घेतली.

टायर हळूहळू तापत होता. दीर हात काढत नव्हता, आणि अजून 'गरम' म्हणतही नव्हता.