हद्दीपलीकडची आठवण

चहा पिताना अप्पा माथेरानची सहल सांगत होते. "तुझी आई घोड्यावर बसेना," ते हसले आणि त्याच दमात म्हणाले, "मग मी तिला विहिरीत ढकललं."

संहिताचा कप हातातच राहिला. आई तर आत पोळ्या लाटत होती.

मेंदूच्या आजारपणानंतर अप्पांच्या आठवणी इतर रुग्णांच्या आठवणींसोबत एका सर्व्हरवर साठवलेल्या होत्या. त्या वाचून अप्पांच्या मेंदूला देणारी खुली डेटाबेस लायब्ररी, म्हणजे त्यामागचा प्रोग्रॅम, संहिताच सांभाळायची. ती लायब्ररी अप्पांच्या आठवणींची हद्द ओलांडून दुसऱ्याच रुग्णाची आठवण वाचत होती.

"काय झालं, चिमणे?" अप्पांनी विचारलं. या नावानं तिला फक्त तेच हाक मारत.

दुरुस्तीसाठी लॅपटॉप उघडता उघडता ती थबकली. मग त्या माणसालाही अप्पांच्या आठवणी दिसत असणार. हे घरसुद्धा.

बेल वाजली.

"चिमणे," बाहेरून एक अनोळखी आवाज मायेनं म्हणाला, "दार उघड."