कर्डिलेकाकांचा गुडघा

शाल्मलीने रोजच्यासारखी कोमट तेलाची वाटी घेतली आणि ती आईचा डावा गुडघा चोळू लागली.

"हळू गं," आई कण्हली.

लायसन्स नसताना शाल्मलीने स्कूटर काढली होती आणि शेजारच्या सोसायटीतल्या कर्डिलेकाकांना उडवलं होतं. त्यांचा गुडघा फुटला, म्हणून कोर्टाने आईच्या मनगटावर त्यांची वेदना पोचवणारा पट्टा बांधला. काकांचा गुडघा ठणकला की त्याच क्षणी आईचाही ठणकायचा. अल्पवयीन मुलांची शिक्षा आईबापांनी भोगायची आणि मुलांनी ती बघायची, असा कायदाच होता. तेव्हापासून शाल्मलीने स्कूटरकडे पाहिलंही नव्हतं.

"आज फारच दुखतंय का?"

"जीव जातोय नुसता."

"दुपारी मी काकांची माफी मागायला गेले होते. ते बॅडमिंटन खेळत होते. म्हणाले, दिवाळीपासून गुडघा एकदाही दुखला नाही."

आईने पाय जवळ ओढून घेतला.

"पट्टा तेव्हाच बंद झाला," ती म्हणाली. "पण तू किती सुधारलीस, बघ ना. म्हटलं, थोडा धाक राहू दे."

शाल्मली तेलकट हात तसेच धरून बसली.

"धाक नव्हता, आई," ती म्हणाली. "मला तुझं वाईट वाटायचं."